फोन नंबर दुकानाचा हवा, कुणाच्या खिशातला नको



मागच्या व्हिडिओत मी आमच्या काउंटरवरचा इंटरनेटवर चालणारा फोन दाखवला होता. त्याखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "ताई, हा फोन घेतला तर बिल किती वाचेल?" मी तिथेच उत्तर दिलं होतं, "फारसं नाही." त्यावर काही जणांनी लिहिलं, मग घ्यायचाच कशाला?

प्रश्न बरोबर आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. छोट्या धंद्याने इंटरनेट कॉलिंग घ्यायचं ते कॉल स्वस्त पडावेत म्हणून नाही. दोन गोष्टींसाठी घ्यायचं. एक, नंबर दुकानाच्या नावावर राहावा. दोन, कॉल चुकला तर तो चुकला हे आपल्याला कळावं. या दोन गोष्टींची तुम्हाला गरज नसेल, तर पैसे घालवू नका.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. एक दिवाळी घालवून शिकले आहे.

आमचा चोवीसवाला नंबर

आमचं दुकान लालबागला. मिरच्या, मसाले, भाजणी, आणि आत डंक. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा मसाला करून घ्यायचा सीझन. दिवसभर डंक धडधडतो आणि फोन वाजत असतो. "बेडगीचा भाव काय आज?" "डंक किती वाजेपर्यंत चालू?" "पाच किलो कुटून ठेवाल का, संध्याकाळी येते." दिवाळीच्या आधी परत तेच, फक्त मिरचीच्या जागी चकलीची भाजणी. फोन गिरगावातून येतात, दादरहून येतात, आणि मुलीला अमेरिकेत पार्सल पाठवायचंय म्हणणाऱ्या मावशींचेही येतात.

पप्पांच्या वेळी काउंटरवर एक लँडलाईन होती. नंबर २४ ने सुरू होणारा. जुन्या मुंबईकरांना आठवत असेल, नंबर ऐकूनच दुकान कुठल्या बाजूला ते कळायचं. २४ म्हटलं की दादर, परळ, लालबागकडचं. २३ म्हटलं की गिरगावकडचं. आमचा नंबर पाटीवर होता, पिशवीवर होता, आणि कित्येक घरांत फोनशेजारच्या डायरीत 'मसालेवाले' म्हणून लिहिलेला होता.

बीबीए करून मी दुकानात बसायला लागले आणि २०१६ मध्ये पहिलं 'मॅनेजमेंट' काय केलं असेल, तर तो फोन बंद केला. दर महिन्याला भाडं कशाला भरायचं? सगळ्यांकडे मोबाईल आहे! पप्पा एवढंच म्हणाले, "बघ बाई, लोकांना तो पाठ आहे." मी ऐकलं नाही.

त्यानंतर पिशवीवर आम्ही दुकानातल्या एका मुलाचा मोबाईल नंबर छापला. मुलगा हुशार, बोलायला गोड. गिऱ्हाइकाला कुठला मसाला किती तिखट लागतो, हे त्याच्या लक्षात असायचं. फोन तोच घ्यायचा, व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी त्यालाच यायच्या. मी खूश होते, आपलं काम हलकं झालं म्हणून.

२०१८ च्या दिवाळीआधी तो सोडून गेला. कल्याणकडे स्वतःचं छोटं काम सुरू केलं. नंबर अर्थातच त्याच्याबरोबर गेला, आणि नंबराबरोबर गिऱ्हाईक. ते नेहमीप्रमाणे फोन करायचे, तो नेहमीप्रमाणे गोड बोलायचा, ऑर्डर घ्यायचा आणि माल पोहोचवायचा. काही जणांना तर महिनाभर कळलंच नाही की आपण दुसऱ्या दुकानाचा मसाला खातोय. त्या दिवाळीत आमची भाजणी पोत्यात पडून राहिली.

मला खूप राग आला होता. आज येत नाही. सिम त्याच्या नावावर, रिचार्ज तो करत होता, गिऱ्हाइकांशी नातं त्याने जोडलं होतं. त्याने काहीच चोरलं नाही. दुकानाचा दरवाजा मी त्याच्या खिशात ठेवला होता, आणि खिसा त्याचा होता. चूक माझी.

आणि पप्पांचा चोवीसवाला नंबर? तो परत मिळाला नाही. चौकशी केली तेव्हा उशीर झाला होता.

तुम्ही नवीन धंदा सुरू करताय, तर हे आधी डोक्यात ठेवा. भाड्याचं दुकान बदलतं, माणसं बदलतात, मालही बदलतो. नंबर वर्षानुवर्षं तोच राहिला पाहिजे. तोही तुमच्या भांडवलाचा भाग आहे.

स्वस्त कॉलचं भूत

इंटरनेट कॉल म्हणजे स्वस्त कॉल, हे आपल्या डोक्यात का बसलंय? कारण एके काळी ते खरं होतं. एसटीडी आणि आयएसडीचे दर आठवा. पिवळ्या बूथमध्ये मीटरचे आकडे पळताना पोटात गोळा यायचा. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली आणि सायबर कॅफेच्या काचांवर 'नेट टू फोन'च्या पाट्या लागल्या. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला कॉल लावता यायचा. मात्र कॉम्प्युटरवरून भारतातल्याच साध्या फोनला कॉल जोडायला तेव्हा परवानगी नव्हती.

आज परिस्थिती उलटी आहे. महिन्याच्या रिचार्जमध्ये देशभर कितीही बोला. मग कॉलमागे पैसे वाचवायचे तरी कुठून? म्हणून कुणी सेल्समन येऊन "मॅडम, फोनचं बिल अर्ध्यावर येईल" म्हणाला, तर त्याला आधी विचारा, आत्ताचं बिल किती आहे ते तुला माहीत आहे का.

आणि गंमत म्हणजे, तुम्ही इंटरनेटच्या पद्धतीने आधीच बोलताय. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं ते फोर-जीवरच. त्यावरचा कॉल म्हणजे आवाजाचे छोटे-छोटे डिजिटल तुकडे करून पाठवणं. पलीकडे ते तुकडे परत जोडले जातात. व्हॉइस ओव्हर आयपी म्हणजेच व्हीओआयपी, जे नाव ऐकून घाबरायला होतं, ते तत्त्व म्हणून एवढंच आहे. घरी फायबर ब्रॉडबँडबरोबर मिळालेला लँडलाईन फोनही याच पद्धतीचा.

मग धंद्याला फरक कुठे पडतो? जुन्या फोनमध्ये नंबर तारेला बांधलेला होता. मोबाईलमध्ये तो सिमला बांधलेला आहे. इंटरनेट फोनमध्ये नंबर एका खात्याला जोडलेला असतो. त्या खात्याला सांगायचं, दुपारी काउंटरवर वाजव, रात्री माझ्या मोबाईलवर वाजव, कुणी उचलला नाही तर नोंद ठेव. माणूस सोडून गेला तर खात्यातून त्याचं नाव काढायचं. नंबर जागच्या जागी.

तीन रस्ते, तिघांचे वेगळे धंदे

पहिला रस्ता, फायबरबरोबरची लँडलाईन. दुकानात ब्रॉडबँड असेल तर बहुतेक कंपन्या त्याबरोबर फोनची सोय देतात. कंपनीच्या डब्याला साधा टेलिफोन जोडायचा, ०२२ चा नंबर मिळतो. काही कंपन्यांच्या अॅपवर तोच नंबर मोबाईलवरही घेता येतो. एक काउंटर, दोन माणसं, अशा दुकानाला एवढं भरपूर झालं. मी स्वतः २०१९ मध्ये इथूनच सुरुवात केली. एक बारीक गोष्ट: जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर "फोन लागत नाही" म्हणून बसून राहील.

दुसरा रस्ता, क्लाउड टेलिफोनी. यात दुकानात काही मशीन बसवायचं नसतं. एक नंबर मिळतो. त्यावर आलेला कॉल कंपनीच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून तुमच्या दोन-चार माणसांच्या मोबाईलवर एकदम किंवा एकामागून एक वाजतो. कुणी उचलला, किती वेळ बोलला, कुठला चुकला, सगळ्याची यादी मिळते. एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर ही या क्षेत्रातली नावं. टाटा टेलि आणि एअरटेलही अशी सेवा देतात. मी कुणाची जाहिरात करत नाही, कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत. दोन-तीन जणांकडून भाव मागवा. घरून केटरिंग करणारे, एसी दुरुस्तीवाले, क्लासेसवाले, ज्यांची माणसं दिवसभर बाहेर असतात, त्यांना हा रस्ता बरा.

तिसरा रस्ता, स्वतःची आयपी पीबीएक्स. म्हणजे ऑफिसमध्ये आठ-दहा टेबलं, प्रत्येकाला एक्स्टेंशन, आणि बाहेर जाण्यासाठी परवानाधारक कंपनीकडून घेतलेली एसआयपी लाईन. पूर्वी असं एक्स्चेंज म्हणजे मोठ्या ऑफिसचं काम होतं. ते छोट्यांच्या आवाक्यात कसं आलं, त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाचा एक मुलगा कॉलेजात असतानाच लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी चालवत होता. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला एक्स्चेंज हवं होतं, आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून १९९९ मध्ये त्याने साध्या कॉम्प्युटरवर चालणारं एक्स्चेंज स्वतःच लिहिलं. त्याचं नाव अॅस्टेरिस्क. ते त्याने सगळ्यांना फुकट वापरायला खुलं केलं. आज जगभरात कितीतरी ऑफिसांचे फोन त्यावर चालतात. गंमत बघा, त्याचा मूळ धंदा बाजूला राहिला आणि अडचणीतून काढलेला उपाय हाच मोठा धंदा झाला.

पण म्हणून तुम्हीही लगेच सर्व्हर आणू नका. ते सांभाळायला माणूस लागतो. मसाल्याच्या दुकानात सर्व्हर सांभाळणारा माणूस ठेवायचा, तर मसाला कुणी विकायचा?

"आणि व्हॉट्सअॅप कॉल?" तोही इंटरनेट कॉलच. जरूर वापरा, मीही वापरते. पण साध्या फोनवरून ज्या आजी फोन करतात, त्यांचा कॉल तिथे येत नाही. व्हॉट्सअॅप ही दुसरी खिडकी आहे. मुख्य दरवाजा म्हणजे साधा नंबर, जो कुठल्याही फोनवरून लागतो.

काकांचा उपाशी फोन

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सेल्समन सांगणार नाही.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास ग्रीडमध्ये बिघाड झाला आणि अख्खी मुंबई अंधारात गेली. लोकल जागेवर थांबल्या. नवरात्र पाच दिवसांवर होतं, ऑर्डरी चालू होत्या. आमचा राउटर बंद, म्हणजे फोन बंद. मी काउंटरवर तो मुका डबा बघत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला काकांचा जुना फोन ट्रिंग ट्रिंग वाजला. तांब्याच्या तारेवरचा.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा फोन हुशार आहे गं, पण त्याला जेवायला लागतं. आमचा उपाशीपोटी चालतो."

खरं आहे. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाईनला एक्स्चेंजकडूनच साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा येतो आणि तिथे बॅटऱ्या असतात. दुकानातली वीज गेली तरी त्या फोनला फरक पडत नाही. इंटरनेट फोनला दुकानातली वीजही लागते आणि दुकानातलं नेटही. दोन्हीपैकी एक गेलं की तो गप्प.

त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी केल्या. तुम्हीही पहिल्याच दिवशी करा.

एक, राउटरला छोटा यूपीएस. राउटरला वीज फारच थोडी लागते, त्यामुळे हजार-दोन हजारांतला यूपीएस काही तास काढतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही जोडा. नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही.

दोन, नेट गेलं तर कॉल आपोआप मोबाईलवर वळेल अशी सेटिंग. कंपनीला कनेक्शन घेतानाच विचारा, ही सोय त्यांच्याकडे आहे का आणि ती आपोआप होते की कुणीतरी बटण दाबावं लागतं. मग एकदा राउटरची वायर काढून स्वतः फोन करून बघा. लालबाग-परळच्या जुन्या इमारतींत केबल गच्चीवरून आणि खिडक्यांवरून जातात. पावसाळ्यात एकदा तरी तुटणारच, हे धरूनच चाला.

तीन, फोनला वायफायवर न ठेवता वायरने जोडणं. आवाज तुटणं, रोबोटसारखा होणं, याचं कारण बहुतेक वेळा स्पीड कमी हे नसतं. एका कॉलला दोन्ही दिशांना मिळून नव्हे, तर प्रत्येक दिशेला साधारण १०० केबीपीएस धरा. चार कॉल एकदम चालले तरी ४०० केबीपीएस. तुमच्या फायबरला ते काहीच नाही. घोटाळा होतो तो तुकडे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचल्यामुळे. आवाज एका बाजूहून दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा सल्ला आहे. त्याच वेळी सीसीटीव्ही क्लाउडवर व्हिडिओ चढवत असेल आणि मागे कुणी सिनेमा डाउनलोड करत असेल, तर तुमचा आवाज रांगेत उभा राहतो. राउटरमध्ये कॉलला आधी वाट देण्याची सेटिंग असते. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाकडून ती तिथल्या तिथे करून घ्या.

गणपतीत मात्र उलटं होतं. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत काय गर्दी असते, ते तुम्हाला सांगायला नको. मोबाईलवर सगळ्या दांड्या दिसतात आणि कॉल लागत नाही, कारण एकाच टॉवरवर हजारो लोक लटकलेले. तेव्हा आमचा तारेतून येणारा इंटरनेट फोन मस्त चालतो. काका आमच्याकडे येऊन फोन करतात, तेव्हा मीही त्यांना टोमणा मारून घेते!

यात एक फुकटची टीप. तुमच्या मोबाईलमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाची सेटिंग बघा. एअरटेलने २०१९ च्या अखेरीस आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. टॉवरचा सिग्नल नसला तरी दुकानाच्या वायफायवरून त्याच नंबरवर कॉल येतो-जातो. चाळीच्या आतल्या खोलीत किंवा तळमजल्याच्या गोडाऊनमध्ये बसून धंदा करणाऱ्यांनी, दुसरं काही घेण्याआधी हे करून बघा.

आणि पोलिस, अग्निशमन, अॅम्ब्युलन्स यांना फोन करायला एक साधा मोबाईल दुकानात चार्ज करून ठेवाच. तेवढ्यासाठी इंटरनेट फोनवर अवलंबून राहू नका.

कायद्याच्या कडेला उभे राहू नका

"ताई, एक जण फार स्वस्तात देतोय, घेऊ का?" या प्रश्नावर माझं उत्तर कडक आहे. आधी परवाना विचारा.

भारतात इंटरनेटवरून साध्या फोन नंबरला जोडणारा कॉल ही परवान्याची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने याबद्दल शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना त्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने 'विंग्ज' ही अॅपवरची फोनसेवा जाहीर केली. म्हणजे कायदेशीर रस्ता आता आहे. पण सिम बॉक्स वापरून परदेशी कॉल लोकल म्हणून दाखवणारे बेकायदा धंदेही आहेत आणि पोलिस त्यांच्यावर धाडी टाकतात. कुणी म्हणालं, "तुमच्या दुकानात फक्त एक डबा ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो," तर हात जोडा आणि बाहेरची वाट दाखवा. डबा त्याचा, पण पत्ता तुमचा असेल.

कनेक्शन घेताना गुमास्ता, जीएसटी किंवा उद्यमचे कागद देऊन ते धंद्याच्या नावावर घ्या. कामगाराच्या आधारवर नको, "सध्या भाच्याच्या नावावर घेऊ" तर अजिबात नको. आणि एक प्रश्न लेखी विचारा: "उद्या मी कंपनी बदलली तर हा नंबर माझ्याबरोबर येणार का?" मोबाईल नंबर पोर्ट करण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाईनसारख्या किंवा क्लाउडच्या नंबरला ती आहेच, असं गृहीत धरू नका. उत्तर "नाही" असेल, तर कंपनी निवडताना घाई करू नका, कारण ती सोयरीक लांबची आहे.

अजून दोन पथ्यं. नवीन फोन आला म्हणून यादी घेऊन लोकांना जाहिरातीचे कॉल लावत बसू नका. त्यासाठी १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका आणि नोंदणीचे नियम आहेत. लोकांनी तक्रारी केल्या तर ज्या नंबरासाठी एवढं केलं, तोच बंद होईल. दुसरं, कॉल रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीलाच तसं सांगा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलेला आहे, आणि कायदा नसता तरी गिऱ्हाइकाला न सांगता त्याचं बोलणं साठवणं बरं दिसत नाही. तुमच्या कामगारांनाही सांगा. रेकॉर्डिंग ऑर्डर तपासायला ठेवा, माणसं पकडायला नको.

मोठं दिसण्याचा मोह

क्लाउडचा फोन मिळाला की प्रत्येकाला एक हौस येते. "मराठीसाठी एक दाबा, ऑर्डरसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा." मीही केलं होतं. एका जुन्या गिऱ्हाईक आजींनी दुकानात येऊन सुनावलं, "अगं, मिरचीचा भाव विचारायला मी किती बटणं दाबू?" त्याच दिवशी काढून टाकलं.

आपल्यासारख्या दुकानाची ताकद हीच आहे की फोन उचलणारं माणूस ओळखीचं असतं. ती मोडून आपण बँकेसारखं वाजायला लागलो, तर गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल? आता आमच्याकडे आधी फक्त माझ्या आवाजात एक वाक्य वाजतं: नमस्कार, दुकानाचं नाव, एक मिनिट थांबा, फोन घेतोच. मग काउंटरवर वाजतो, चार रिंगनंतर माझ्या मोबाईलवर. बस.

आणि चुकलेल्या कॉलची यादी. खरा पैसा तिथे आहे. पहिल्या महिन्यात यादी बघून मी चक्रावले. मला वाटायचं संध्याकाळी गर्दीत फोन चुकत असतील. पण जास्तीत जास्त चुकत होते दुपारी एक ते तीन, आम्ही जेवायला बसायचो तेव्हा, आणि डंक चालू असताना, कारण त्या आवाजात रिंग ऐकूच यायची नाही. उपाय काय केला? जेवणाच्या वेळा दोघांच्या वेगळ्या केल्या, आणि डंकापासून लांब, काउंटरच्या टोकाला फोन हलवला. दोन्ही उपाय फुकटचे. पण यादी नसती तर हे कळलंच नसतं.

म्हणून मी म्हणते, मशीन फोन उचलत नाही. माणूसच उचलतो. तुमच्याकडे फोन उचलायची शिस्त नसेल, तर नवीन सिस्टीम एवढंच करेल की किती गिऱ्हाईक घालवले त्याचा नीट रिपोर्ट देईल.

तुम्हाला हवाय का? आकडेमोड करा

एकटे काम करत असाल, दिवसाला पाच-सात कॉल येत असतील, तर सध्या काही घेऊ नका. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, स्वतःच्या नावावर, आणि तोच नंबर सगळीकडे छापा. माझ्या मते तुमचं ऐंशी टक्के काम तिथेच झालं.

दोनपेक्षा जास्त माणसं फोन घेत असतील, तर हा हिशोब करा. समजा, फोनच्या सोयीला महिन्याला सगळे मिळून १,००० रुपये लागणार. समजा, तुमची सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची आणि त्यात हातात राहतात ९० रुपये. १,००० भागिले ९० म्हणजे ११ पेक्षा थोडं जास्त. महिन्याला चुकणाऱ्या कॉलमधल्या १२ ऑर्डरी वाचल्या तरच फोनचा खर्च निघतो. वाचतील का? अंदाज नको, मोजा.

गृहपाठ असा. उद्यापासून सात दिवस काउंटरवर एक वही ठेवा. चार रकाने: वेळ, कॉल घेतला की चुकला, परत फोन केला का, ऑर्डर मिळाली का. सात दिवसांनी वही बघा. मग ठरवा यूपीएस घ्यायचा, क्लाउडचा नंबर घ्यायचा, की नुसती जेवणाची वेळ बदलायची. कमेंटमध्ये तुमच्या वहीतले आकडे लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. फक्त नंबर आणि गिऱ्हाइकांची नावं लिहू नका.

शेवटचं सांगते. मागच्या वर्षी मे महिन्यात एक बाई दुकानात आल्या, पिवळी पडलेली डायरी घेऊन. त्यांच्या सासूबाई गेल्या, घर आवरताना ती सापडली. त्यात आमचा जुना चोवीसवाला नंबर. त्या म्हणाल्या, "खूप वेळा लावला, लागला नाही. मग म्हटलं दुकान तरी आहे का बघू." त्या मुद्दाम चालत आल्या म्हणून भेटल्या. जे चालत आले नाहीत, ते किती असतील, हे मला कधीच कळणार नाही.

मी त्यांच्या डायरीत जुना नंबर खोडून नवा लिहून दिला. हा आता मी बदलणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडा आणि फोन वाजला तर उचला!